डावरी गाठ

बाइंडर डावरा होता. सरकारी दप्तरखान्यात एकतीस वर्षं त्यानं फायली शिवल्या आणि त्याची गाठ नेहमी उलटी पडायची. तशी दुसऱ्या कुणाची पडत नसे. साहेब म्हणायचे, "तुला सही कशाला रे? गाठ बघितली की कळतं." दुसरी एक मिजास होती त्याला, शिवलेलं कधी वाचायचं नाही. "आचारी काय प्रत्येक ताटात तोंड घालतो?" म्हणायचा.

अकरा वर्षांपूर्वी त्याची थोरली लेक कारखान्याच्या संपात होती. पोलिसांनी तिला गेटवरून उचललं. गेली ती गेलीच. ठाण्यात म्हणाले, अशी कुणी आणलीच नव्हती. बायकोनं चपला झिजवल्या. हा फायली शिवत राहिला आणि पुढं रिटायर झाला.

मग नवा राष्ट्रपती आला. पहिल्याच दिवशी रेडिओवर म्हणाला, पोलिसांचं जुनं दप्तर महिन्याभरात उघडं होईल. ज्याचं माणूस गेलं त्यानं यावं, बघावं. बायको पाण्याची बादली हातात धरून तशीच उभी राहिली.

"हा खोटं बोलायचा नाही."

"कशावरून?"

"मधे अडखळला. पाठ केलेलं असतं तर अडखळला असता का?"

बाइंडर हसला. पण दप्तर बघायचा नंबर आला त्या दिवशी तिच्याआधी उठून, दाढी करून तयार होता.

आत एकालाच सोडत होते. बायको बाहेर बाकावर बसली. खोली तीच, जिथं तो फायली शिवायचा, टेबलही तेच, खळीच्या डागांसकट. कारकून ओळखीचा, आता टक्कल पडलेला.

"या काका. तुम्ही शिवलेलं तुम्हालाच दाखवायचं, काय दिवस आलेत!"

संपाच्या तारखेवरून काढलेली फाईल पातळ होती. वर नाव नाही, नुसता नंबर. जन्मात पहिल्यांदा बाइंडर फाईल वाचायला बसला. बाराव्या पानावर होतं: अंगात हिरवा स्वेटर, उजव्या भुवईवर व्रण, ठाण्यात हजर. म्हणजे होती. आणली होती. त्यानं पान उलटलं. पुढं एकदम सत्ताविसावं. तिथं एवढंच, प्रकरण बंद.

"मधली कुठायत?"

"मिळाली तशी उघडली, काका. आम्ही हात लावलेला नाही."

बाइंडरनं फाईल पालथी केली. गाठ उलटी होती.

त्या साली साहेब गठ्ठे आणून टाकायचे. लाल चिठ्ठी लावलेली पानं काढ, जाळ, बाकीची परत शीव. यानं काढली, शिवली. वाचलं नाही.

जाळली मात्र नव्हती. कागदाची टंचाई होती. रद्दी पानं खळ लावून एकावर एक चिकटवायची, दाबाखाली वाळवायची, की झाला पुठ्ठा. वाळायला आठवडा. म्हणजे पुढच्या आठवड्यात बांधलेल्या फायलींच्या पाठीला लागली असणार. जमीनमोजणीच्या. नव्वद तरी होत्या.

"त्या आठवड्यातल्या जमीनमोजणीच्या फायली दे मला. मधली पानं त्यांच्या पुठ्ठ्यात आहेत. पुठ्ठे पाण्यात भिजवले की पानं सुटतात. शाई राहते कधी कधी."

कारकुनानं डोकं खाजवलं. "काका, राष्ट्रपतींनी आतलं उघडं करायला सांगितलंय. पुठ्ठ्याचं काही सांगितलेलं नाही."

"मग विचार त्यांना."

"अर्ज करा. एका फायलीला एक."

कोऱ्या अर्जांचा गठ्ठा घेऊन तो बाहेर आला. बायको उठली. "मिळालं?"

"ठाण्यात होती ती. पुढची पानं काढलीत."

"कुणी?"

तो गठ्ठ्याच्या कडा सारख्या करत राहिला. करून झाल्या तरी करत राहिला. मग म्हणाला, "मी."

सगळं सांगितलं त्यानं. पुठ्ठ्यापर्यंत. ती ओरडली नाही. पाकीट फोडून आत बघावं तसं त्याच्या तोंडाकडं बघत राहिली.

"जाळली नाहीत ना? नक्की?"

"नाही."

"बघा, आठवून सांगा."

"नाही जाळली."

"मग निम्मे अर्ज इकडे द्या."

पंचेचाळीस मोजून घेतले तिनं. पेन त्याच्या खिशातनं काढून घेतलं. पलीकडच्या बाकावर जाऊन, त्याच्याकडं पाठ करून लिहायला बसली. बाइंडर दुसरं पेन मागायला परत आत गेला.