शामकांतरावांची जाड तार

श्रीगोंद्याच्या बाजारतळामागच्या त्या घरात कुठलं बटण कशाचं, हे फक्त शामकांतरावांना ठाऊक होतं. वडिलांनी घर बांधलं तेव्हाची वीजजोडणी. लाकडी पट्टीवर काळी गोल बटणं, चिनी मातीचे फ्यूज आणि ओसरीच्या कोपऱ्यात लोखंडी डब्यातला, बाजूला दांडा असलेला मेन स्विच. न्हाणीतला दिवा लावायला ओसरीत यावं लागायचं. सून मनवा लग्न होऊन आली, तेव्हा पहिल्याच सकाळी तिनं ओट्यावरचा दिवा लावायला बटण दाबलं आणि आरशासमोर दाढी करणाऱ्या सासऱ्यांचा दिवा गेला.

"होईल सवय," शामकांतराव अर्ध्या दाढीनं म्हणाले.

कारखान्याच्या ऑफिसातून ते हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. तिथली सही गेली, घरचा फ्यूज तेवढा हातात राहिला. फ्यूज उडाला की टेस्टर खिशाला लावून ते स्टुलावर चढत आणि तारेचा एक बारीक पदर त्यात गुंडाळत.

"आधी मेन बंद करा की," इंदूताई दर वेळी म्हणायच्या.

"मला शिकवू नकोस," ते दर वेळी म्हणायचे. पंखा फिरला की खाली उतरून सगळ्यांच्या तोंडाकडे एकदा बघायचे. कोणीतरी चार शब्द बोलावेत, एवढीच माफक अपेक्षा.

अनीश, त्यांचा मुलगा, अधूनमधून म्हणे, "बाबा, हे सगळं काढून फ्यूजच्या जागी एमसीबी बसवू." त्यावर त्यांचं उत्तर तयार असे : "तुझ्याहून वयानं मोठं आहे ते. मान ठेवून बोल."

मग मनवानं केकच्या ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली आणि घरात ओव्हन आला. ओव्हन तापला की फ्यूज जायचा. सुरुवातीला शामकांतरावांना बरंच वाटलं, माणसाला काम असावं. पण रोजच स्टुलावर चढउतर व्हायला लागली, तसे गुडघे कुरकुरायला लागले. तेव्हा एका सकाळी कोणाला काही न सांगता त्यांनी फ्यूजमध्ये चांगली जाडजूड तार घातली. ओव्हन चालला, त्याच्या जोडीला मिक्सरही चालला.

"बघ, हाताला वळण लागतं," ते इंदूताईंना म्हणाले.

आठवडाभरानं एका दुपारी घरात जळका वास सुटला.

"मनवा, केक लागला गं तुझा."

"नाही बाबा, अजून कच्चाच आहे. आई, दूध तर नाही ना?"

"दूध कधीच उतरवलंय," इंदूताई म्हणाल्या.

"केकच आहे. संकोच करू नकोस, आम्ही खाऊ," शामकांतरावांनी मोठ्या मनानं सांगितलं. हा वाद रंगात आलेला असतानाच माजघराच्या लाकडी पट्टीतून धुराची रेघ वर चढली.

शामकांतराव ओसरीकडे धावले आणि दांड्याला हात घालणार, तोच इंदूताई ओरडल्या, "हात लावू नका!" त्यांनी पायात रबरी चपला सरकवल्या, हातातलं कोरडं लाटणं उगारलं आणि दांड्यावर हाणलं. वर्षानुवर्षं न हललेला दांडा पहिल्या फटक्याला ढिम्म. दुसऱ्याला खाली आला. पंखे थांबले आणि घर एकदम चिडीचूप झालं.

संध्याकाळी वायरमन आदिनाथ आला. काळवंडलेल्या वायरी बघून त्यानं फ्यूज उपसला.

"काका, ही तार कुणी घातली हो? हिनं तर ट्रॅक्टर वढता यील."

शामकांतराव छताकडे बघू लागले. मनवाच म्हणाली, "जुनीच असेल. घरच जुनं आहे ना."

तिचा ऑर्डरचा केक ओव्हनमध्ये बसला होता, ओढणीला काजळी लागली होती, आणि तरी पोर सासऱ्याची लाज राखत होती. शामकांतरावांनी छतावरची नजर खाली आणली.

"जुनी नाही. मी घातली," ते म्हणाले. "फ्यूज जळतो म्हणून घर वाचतं, हे मीच साऱ्या आळीला सांगत आलो. गुडघे दुखत होते, म्हणून..."

इंदूताईंनी फक्त लाटणं डब्यात ठेवलं, जरा आवाज करून.

जोडणी सगळी नवी झाली. न्हाणीच्या दिव्याचं बटण न्हाणीपाशी आलं. बसका केक चौघांनी संपवला. त्यातले दोन तुकडे शामकांतरावांनी एकट्यानं खाल्ले आणि "उत्तम झालाय" असं मनवाला दोनदा ऐकवलं.

हल्ली त्यांनी नवीनच उद्योग काढलाय. कोणाच्याही घरी गेले की आधी बोर्ड बघतात. परवा ते आणि इंदूताई मळ्यात ओळखीच्या कारभारींकडे गेले, तर उंबऱ्यातूनच यांची नजर भिंतीवर.

"काका, च्या तर घ्या आदी," कारभारी म्हणाले. "बोर्ड काय पळून चाललाय व्हय?"

"चहा थांबेल. एक स्टूल मिळेल का?"

"स्टूल नाही मिळणार," इंदूताईंनी परस्पर सांगून टाकलं. "खालूनच बघा."

शामकांतरावांनी मान वर करून, चष्मा सारखा करत खालूनच बघितलं.