शतावरीचं दूध

शेजारच्या सुनेला मुलगी झालीय आणि सकाळपासून त्यांच्या घरातून शतावरी घातलेल्या दुधाचा वास येतोय, गोडसर, वेलदोड्याचा. असाच एक पेला फार वर्षांपूर्वी, निरगुडसरच्या ह्याच घरात, माझ्या हातात आला होता. माझं पहिलं बाळंतपण माहेरी झालं आणि बाळ बारशाआधीच गेलं. सासरी परतले, कामाला लागले, पण नवऱ्याने जवळ घेतलं की अंग लाकडासारखं व्हायचं. इच्छाच उरली नव्हती. ते कधी रागावले नाहीत. एकदा जुन्नरच्या बाजारातून पावडरीचा डबा घेऊन आले, संध्याकाळी स्वतः दूध तापवलं, पावडर ढवळली आणि म्हणाले, "गोळ्याबिळ्या न्हाईत, झाडपाल्याचंच हाय. बाईमाणसाचं मन परत लागतं म्हणला दुकानदार." बाहेर कुणाच्या तरी शेतात उसाचं पाचट जळत होतं, तरी पेला तोंडाशी नेताच मला तो वास ओळखू आला. माहेरी आईने हेच पाजलं होतं, बाळाला दूध पुरावं म्हणून. "अहो, हे बाळंतिणीला देतात," एवढंच मी म्हणाले. "मला ठाव नव्हतं गं," म्हणत त्यांनी पेला काढून घेतला आणि उभ्या उभ्या सगळं दूध स्वतःच पिऊन टाकलं. त्यानंतर त्यांनी कसलं औषध आणलं नाही आणि जवळ यायचंही सोडलं. माझं मन पुढे हळूहळू परत आलं, पण तोवर त्यांचं अंथरूण बाहेरच्या खोलीत गेलं होतं, आणि बायकोने हे तोंडाने कसं सांगायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं. मघाशी त्यांनाही वास आला असावा. उठून त्यांनी खिडकी लावून घेतली.