एक काढली तरी एक राहते

आमच्या मामंजींना बैलातलं लई कळायचं. त्यामुळं माणसातलं बी आपल्यालाच कळतं, असं त्यांनी धरून ठेवलं होतं.

निजामाच्या शेवटच्या वर्षांतली गोष्ट. तुळजापूरजवळच्या गावात आम्ही राहायचो. माझ्या मालकांच्या एका अंडाला गाठ आली. वय एकोणतीस. दुखत नव्हती, म्हणून चार महिने लपवली. सुपारीसारखी टणक झाली तेव्हा मला सांगितलं, ते बी पाठ करून. मामंजी म्हणाले, "अंतर्गळ हाय, आतडं उतरलंय." आधी एरंडाची पानं गरम करून बांधली. मग वैदूनं जळवा लावल्या. मग त्या मुडद्यानं मांडीला डाग दिला. डागायचंच होतं तर मामंजींची अक्कल डागायची.

शेवटी मी जेवण सोडलं, तेव्हा निजामाच्या हद्दीवरचा नाका ओलांडून इंग्रजांच्या सोलापूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, "ही गाठ वाईट आहे. ती गोटी काढावी लागेल. दुसरी राहते. संसार नीट होतो, मुलंही होऊ शकतात. नंतर मुंबईला जाऊन क्ष-किरणांचा शेक घ्या. पण उशीर नको." मी पडद्याआड बसून शब्द न् शब्द ऐकला.

मामंजींनी एकच ऐकला, काढायची. "म्हंजे पोराला खच्ची करणार? गोऱ्हा बडवल्यावानी?" आणि उठलेच. मागोमाग मालक बी उठले. गावात वाघ, बापापुढं गोगलगाय!

घरी मी म्हणलं, "अहो, एक राहते की! गाईचा एक सड गेला तर गाय भाकड होती का?"

"गप बस. लोक काय म्हणतील?"

लोक! पारावर बसून दुसऱ्याच्या धोतरात डोकावणारे रिकामटेकडे. त्यांच्या भ्यानं ह्या माणसानं जीव पणाला लावला.

सुगी सरेपर्यंत गाठ पोटात चढली. धाप लागायला लागली. एका सकाळी मालक आपणहून म्हणाले, "चल, काढून घेतो." माझ्या भावानं गाडी जुंपली. त्याच डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं आणि म्हणाले, "आता काढून उपयोग नाही."

महिन्यात गेले. अंगणात बसलेली म्हातारी माणसं म्हणाली, "मर्दासारखा गेला." मामंजींनी मान डोलावली, "व्हय."

मी चोवीस वर्षांची होते. सगळ्यांपुढं बोलले, "तुमचा मर्द तुमाला लखलाभ. मला नवरा पाहिजे होता."