सुबीवालीच्या पोटावरची मिरची

नवं वर्ष आठवड्यावर आलं होतं, तेव्हा आमच्या सोत्गोल गावात बातमी फुटली की सुबीवालीला दिवस गेलेत.

सुबीवाली (आमच्याकडे सुनेला माहेरच्या गावावरून हाक मारतात) सत्तरीला टेकलेली. तिचे मालक दाल्सूभाऊजी तिच्याहून मोठे, उठताना गुडघ्यांना हाका मारणारे. पण बातमीला गुडघे नसतात. ती तेलघाण्यावाल्या म्यंग्जाकडून निघाली, तिळतेलाच्या बाटल्यांबरोबर घरोघर फिरली आणि थंडीत आम्ही बायका जिथे एकत्र जेवतो त्या चावडीच्या खोलीत दुपारी पोचली तेव्हा फक्त नाव ठेवायचं बाकी होतं.

पुरावेही होते. सुबीवाली पंधरवडाभर पोटावर हात ठेवून चालत होती. कोबीचा साधा गड्डा उचलायचा तर नवऱ्याला हाक मारत होती. बसताना भिंत धरायची, उठताना खांब.

"आणि हमामाला आली नाही!" म्यंग्जा भाताच्या वाटीवर चमचा आपटत म्हणाली. "नव्या वर्षाआधी सगळ्या बायका तालुक्याला जाऊन एकमेकींच्या पाठी चोळतो. इतकी वर्षं माझी पाठ तीच चोळते. यंदा म्हणे, मला कपडे काढायचे नाहीत. का काढायचे नाहीत, सांगा बरं?"

"मला तर म्हणाली, स्वप्नात लाल मिरच्या दिसतात," दुसरी कोणी हळूच बोलली, आणि सगळ्यांच्या किमचीचा घास हवेत थांबला. स्वप्नात लाल मिरची दिसली की घरात मुलगा येतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं.

मी अठ्ठावन्नची, म्हणजे गावातली सगळ्यात तरुण सून, आणि सुबीवालीची शेजारीण, गावच्या नात्याने जाऊच. जेवणानंतरची भांडी आणि असल्या बातम्यांची खातरजमा, ही दोन्ही कामं माझ्या वाट्याला. तेवढ्यात सुबीवाली स्वतःच आली, भिंत धरून बसली. मी तिच्यापुढे वाटी ठेवली आणि विचारलं, "जाऊबाई, कितवा?"

"कितवा काय?"

"महिना."

तिने माझ्याकडे पाहिलं, म्यंग्जाकडे पाहिलं, मग सगळ्यांकडे. उठली. वरचा स्वेटर वर केला, आतला वर केला, उबदार बंडी वर केली. मुलं पाठीशी बांधायचं तिचं जुनं रजईचं फडकं पोटाभोवती गुंडाळलेलं होतं. त्याची गाठ तिने सोडली. आत ओल्या सुती कापडाची पुरचुंडी, आणि पुरचुंडीत चिमूटभर पिवळं बी. मिरचीचं.

"बोंग्ह्वावाले, तुझे डोळे चांगले आहेत," ती मला म्हणाली. "मोड फुटलाय का बघ. माझा चष्मा घरी राहिला."

मी वाकून पाहिलं. काही नव्हतं. "नाही फुटला."

"मग ते दार लाव आणि बस खाली. वारा लागतोय त्यांना."

म्यंग्जाने त्यानंतर दोन दिवस कोणाला तेल विकलं नाही. पण मिरची पोटावर का चढली, ते सांगायलाच हवं.

आमच्याकडे मिरचीचं बी कडाक्याच्या थंडीतच भिजत घालतात. उन्हाची वाट पाहिली तर रोप उशिरा होतं आणि मिरची लाल व्हायच्या आत दव गोठतं. पूर्वी घरोघर हे चालायचं. आता गावाला तयार रोपं येतात. आमचा सरपंच ग्यूशिक रोपवाटिकेचा ट्रक बोलावतो, प्रत्येकाचे ट्रे उतरवतो आणि आम्ही सगळ्या त्याला शहाणा म्हणतो. एकटी सुबीवाली तेवढी घरचं बी धरून होती. तिच्या सासूचं. सासूने तिला आयुष्यात दोनच गोष्टी दिल्या, शिव्या आणि हे बी. शिव्या सासूबरोबर गेल्या, बी राहिलं. जाड सालीची, आधी जिभेला गोड लागणारी आणि मग मागून येऊन मानगूट धरणारी ती मिरची. तिचं आंबवलेलं वाटण अर्ध्या गावाच्या रांजणात चोरून गेलेलं आहे. माझ्याही.

गेल्या पावसाळ्यात फळकूज आली. सगळ्यांच्याच मिरच्या झाडावर काळ्या पडल्या. आम्ही हळहळलो आणि पुढच्या साली ट्रकची वाट पाहायला मोकळ्या झालो. सुबीवालीच्या वावरात मात्र बी धरण्यासारखी एकही मिरची राहिली नाही. जे काही होतं ते आदल्या वर्षीचं, स्वयंपाकघरात आढ्याला टांगलेल्या माळेत. ती माळ संपली की सासूची मिरची संपली.

तिने माळ उतरवली, बी काढलं, भिजवलं, कापडात बांधलं आणि खोलीत चुलीच्या अंगाला, जिथे चुलीची धग जमिनीखालून जाते आणि जमीन सगळ्यात उबदार असते, तिथे रजईखाली ठेवलं.

"तिथे मी झोपतो," दाल्सूभाऊजी म्हणाले.

"यंदा मिरची झोपेल."

"आणि मी?"

"दाराशी जागा आहे."

भाऊजी दाराशी गेले. गावात आधी ही बातमी होती, की सुबीवालीने नवऱ्याला अंथरुणातून काढलं आणि रजईत दुसरंच कोणी आहे. ती खरी निघाल्यामुळे कोणाला तिच्यात रस राहिला नाही.

मग ती एक दिवस तांदूळ दळायला तालुक्याला गेली, आणि नेमके भाऊजींचे थोरले चुलतभाऊ भेटायला आले. थोरला माणूस आला की त्याला सगळ्यात उबेच्या जागी बसवायचं, याला आमच्याकडे पर्याय नाही. भाऊजींनी रजई दाखवून म्हटलं, "दादा, इथे." दादा बसले. भाऊजींना वाटलं, बाहेर बर्फ, दादांचं वय झालेलं, म्हणून चुलीत देवदाराचं सरपण घातलं. मग ओकचं. मग पुन्हा ओकचं. आता थोरल्यांनी 'गरम होतंय' म्हणायचं की नाही? नाही म्हणायचं. यजमानाने आग घातली की पाहुण्याने 'वा, कशी छान ऊब आहे' म्हणायचं. दादांचं बूड भाजून निघालं, कपाळावरून घाम गळला, पण तोंडातून ऊब छान आहे एवढंच. भाऊजींनी ते ऐकलं की आणखी एक ओंडका.

सुबीवाली परतली तेव्हा जमिनीवर चिकटवलेल्या तेलकागदावर ताटाएवढा तपकिरी डाग पडला होता आणि खोलीत बी भाजल्याचा खमंग वास होता. तिने दादांना उठवलं नाही. जेवू घातलं, फाटकापर्यंत पोचवलं, वाकून निरोप दिला. मग आत येऊन रजई उचलली.

ती ओरडली नाही. हे वाईट लक्षण. सुबीवाली ओरडते तोवर घर सुरक्षित असतं. मी कुंपणावरून कान लावून होते. थोड्या वेळाने भाऊजीच बाहेर आले.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"काही नाही," ते म्हणाले. उरलेले ओंडके उचलून परत ढिगावर नेऊन ठेवू लागले.

घरात दोन मिरच्या उरल्या होत्या. सोयाचं खारं पाणी आंबायला रांजणात भरलं की वर लाल मिरची आणि कोळसा तरंगत सोडायचा असतो, म्हणजे वाईट काही आत शिरत नाही. त्यासाठी तिने माळेतल्या दोन बाजूला ठेवल्या होत्या. त्याच फोडल्या. यंदा तिच्या रांजणात कोळसा एकटाच तरंगला. आणि जे बी निघालं ते तिने जमिनीवर ठेवलं नाही, चुलीपाशी ठेवलं नाही, नवऱ्याच्या नजरेसमोरही ठेवलं नाही. पोटाशी बांधलं. पोट ना थंड होतं, ना त्यात कोणी ओंडका घालतं.

तर हे असं. चावडीतल्या त्या दुपारनंतर बायकांचा नूरच पालटला. कोणी विचारायची, आज काय खाल्लंस, पोट गार नाही ना? म्यंग्जा गुपचूप तिळाच्या तेलाची बाटली ठेवून गेली. सरपंच तेवढा आला तो हिशेबालाच.

"काकू, तुमचे किती ट्रे सांगू? ट्रकवाल्याला आजच कळवायचंय."

"एकही नाही."

"बी उगवलं नाही तर?"

"तर नाही उगवलं."

"वावर रिकामं राहील, काकू. मग मला म्हणू नका."

"तुला कधी काय म्हटलंय रे ग्यूशिक? लहानपणी माझी काकडी चोरलीस तेव्हाही नाही म्हटलं."

भाऊजी आतून चाचरत बोलले, "थोडे घेऊन ठेवायला काय हरकत आहे? अगदी एखादा ट्रे..."

"तुम्ही सरपण बघा," ती म्हणाली. "कमी."

नव्या वर्षाच्या सकाळी देगू शहरातून मुलं आली, सुना-नातवंडं आली. पूर्वजांपुढे वाकायची वेळ झाली, तर सुबीवाली कंबरेतून अर्धीच वाकली आणि पोट धरून उभी राहिली. थोरल्या सुनेचा चेहरा उतरला. थोरला म्हणाला, "आई, तुला काय झालंय? आजच दवाखान्यात जाऊ. मी किती वर्षं म्हणतोय, दोघं देगूला या. फ्लॅटमध्ये बटण दाबलं की जमीन गरम होते."

"बटण," सुबीवाली म्हणाली, आणि भाऊजींकडे असं पाहिलं की भाऊजी पूर्वजांच्या ताटातल्या नासपतीकडे पाहू लागले.

मग तिने तिथेच, सगळ्यांसमोर, गाठ सोडली. मी नव्या वर्षाचं, तांदळाच्या भाकरीच्या चकत्या घातलेलं सूप घेऊन गेले होते, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलं. नाहीतर मला कोण आत घेतं? ओल्या कापडात, एकेका बियेतून पांढरं शेपूट बाहेर आलं होतं. सगळ्यांतून नाही. काही बियांनी तोंडही उघडलं नव्हतं. पण शेपटं होती.

"हे?" धाकटा म्हणाला. "यासाठी तू वाकली नाहीस?"

"तुझ्या आजीचंच आहे. तिला चालेल."

दही संपलेल्या डब्यांत तिने चाळलेली माती भरली आणि एकेक बी चिमटीने लावलं. डबे रजईशेजारी, त्याच तपकिरी डागावर. चुलीत काय घालायचं ते ती स्वतः घालायची, हात जमिनीवर ठेवून पारखायची. दुपारी ऊन अंगणाकडच्या ओटीवर यायचं तेव्हा दोघं मिळून डबे बाहेर मांडायची आणि ऊन सरकायच्या आत पुन्हा आत. एकदा अवेळी बर्फ पडलं, दाराच्या फटीतून गार झुळूक येऊ लागली. सकाळी मी गेले तर भाऊजी दाराला पाठ लावून आडवे, फट बुजवून, आणि पलीकडे डब्यांतली रोपं ताठ उभी.

"भाऊजी, आत ऊब आहे ना? मग इथे काय करता?"

"ऊब त्यांना आहे," भाऊजी म्हणाले. "जाऊ दे, तू ओरडू नकोस. ती झोपलीय."

काही रोपं देठाशी कुजली. काही उगवलीच नाहीत. सुबीवालीने त्यांचे डबे धुऊन ठेवले आणि उरलेल्यांकडे पाहत राहिली. मे महिन्यात सरपंचाचा ट्रक आला. सगळ्यांच्या वावरात रोपवाटिकेच्या हिरव्या ओळी सरळ रेषेत उभ्या राहिल्या. सुबीवालीच्या वावरात दीड ओळ. बाकी जमिनीत तिने तीळ पेरला. लावणी झाल्यावर ती बांधावर बसली, एक हात पोटावर, सवयीनेच. गावातल्या बायका बघायला जमल्या होत्या. म्यंग्जा हात धुऊन त्या दीड ओळीला पाणी घालत होती, हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

सरपंच ओळ चालून आला. "काकू, मोठी झाली खरी."

माझी जीभ काही गप्प बसत नाही. मी म्हटलं, "जाऊबाई, हिवाळाभर पोटाशी बांधून हिंडलात, नवरा दाराला लावलात, हमाम सोडलात, नव्या वर्षाला धड वाकलाही नाहीत. आणि पदरात काय, तर दीड ओळ?"

सुबीवाली म्हणाली, "पोटातून तीन काढली, तिन्ही देगूला गेली. ही पोटावरून काढली, ही इथेच राहतील."