दीपस्तंभाचा गाळलेला परिच्छेद

“बांधला कोणी ते राहू द्या. वर चढून दिवा लावत कोण होतं, ते सांगा.”

कुठल्याही जुन्या इमारतीचा विषय निघाला की अप्पा कमरेच्या वेष्टीच्या टोकाने चष्मा पुसत आणि हे विचारत. समोरच्याची पंचाईत झाली की गालातल्या गालात हसत.

तंजावुरात आमच्या मराठी घरांत देवनागरी वाचणारेच मोजके. मोडी वाचणारे तर ते जवळजवळ शेवटचे. जुन्या दफ्तरातले कागद वाचण्यात त्यांची नोकरी सरली. आमच्या मराठी मंडळाने त्यांना किनाऱ्यावरच्या एका लहान बंदरातल्या दीपस्तंभाच्या इतिहासाची तमिळ पुस्तिका लिहायला सांगितली. प्रुफं तपासायला मी.

मंडळाला हवे होते आपले मराठे राजे. त्यांना सापडले कोळी. एका मोडी कागदात राजांचा हुकूम होता: कोळ्यांनी रोज दिवा लावावा, त्याबद्दल दीपस्तंभाभोवतीची वाळू मासे सुकवायला पिढ्यान्‌पिढ्या त्यांची.

“तंबी, हा नुसता इतिहास नाही,” ते मला, धाकट्या भावाला सांगावं तसं, म्हणाले. “ही त्यांची चूल आहे.”

देशाचा बाजार तेव्हा नुकताच खुला झाला होता. परदेशी ताटांसाठी कोळंबीची तळी खणायला एका कंपनीला नेमकी तीच वाळू हवी होती. कोळी त्या कागदाची नक्कल घेऊन सरकारी कचेरीत गेले. साहेब म्हणाले, “ही मुंग्यांसारखी अक्षरं कोण वाचणार? छापील काही आणा.”

म्हणजे सगळं आमच्या पुस्तिकेवर आलं. आणि पुस्तिकेचा खर्च कंपनी करत होती.

“अहो अप्पा, राजांच्या इतिहासात कोळी कशाला घुसवता?” मंडळाचे अध्यक्ष म्हणाले.

“राजे तंजावुरात झोपले होते. वादळात त्या पायऱ्या कोण चढलं?”

“तुम्ही आपल्यातले की त्यांच्यातले?”

“मी कागदातला.”

मी तपासलेल्या प्रुफात तो परिच्छेद होता. छापून आलेल्या पुस्तिकेत त्या जागी राजांचं चित्र होतं. पूर्वजांचा आम्हांला भारी अभिमान. त्यांनी दिलेला शब्द मात्र आम्ही कात्रीने कापला.

प्रकाशनाच्या दिवशी अप्पांनी सत्काराची शाल घेतली नाही. “कंपनीला घाला. बिचारी उघडी पडेल.” लोक खळखळून हसले.

थोड्याच दिवसांत वाळूभोवती कुंपण पडलं. बायका डांबरी रस्त्याच्या कडेला मासे सुकवू लागल्या. एका दुपारी मी तिथे बसमधून उतरलो, तर उभा जन्म मासळीच्या वासालाही न फिरकलेला हा माध्व ब्राह्मण नाकाला उपरणं लावून कावळे हाकत होता.

“अहो अय्या, जोरात ओरडा!” एक बाई हसून म्हणाली. “तुम्हांला कावळेसुद्धा भीत नाहीत.”

“ऐकलंस तंबी? मंडळातही हेच झालं.”

पुढच्या वर्षी ते गेले. मंडळाने शोकसभा भरवली. बंदरावरच्या तीन बायका बस बदलत आल्या आणि दाराशी उभ्या राहिल्या. कोणी त्यांना खुर्ची दिली नाही. अध्यक्ष मराठीत राजांच्या दूरदृष्टीवर बोलत होते. टाळ्या पडल्या, तशी त्यांतल्या एकीने मला तमिळमध्ये हळूच विचारलं,

“आमच्या वाळूबद्दलच सांगतायत ना?”