दाराजवळची खुर्ची

अविनाश गेल्याची बातमी मला इंग्लंडात, ब्रॅकनेलच्या ऑफिसच्या कार पार्कमध्ये कळली. रियाचा फोन होता. “काका, अविनाशकाका गेला... मी इथेच आहे, हॉस्पिटलमध्ये,” एवढंच ती म्हणाली. त्याच्या शेवटच्या घटकेला आमच्या मंडळातलं कोणी जवळ नव्हतं. होती ती मंडळाने सभासद करून न घेतलेली मुलगी. काही आठवडे झाले, पण हे काही केल्या डोक्यातून जात नाही.

स्लाऊ गावातलं आमचं छोटं मराठी मंडळ अविनाशने काढलं, आणि त्याचा नियमही त्याचाच. सभासद व्हायचं तर आधी वर्षभर उमेदवारी. प्रत्येक कार्यक्रमाला सगळ्यांच्या आधी यायचं, हॉलमध्ये खुर्च्या लावायच्या, आणि कार्यक्रम होईपर्यंत दाराजवळच्या खुर्चीवर बसायचं. एकही कार्यक्रम चुकला तर उमेदवारी रद्द. मी त्याला हेडमास्तर म्हणायचो. तो म्हणायचा, “जेवायला कोणीही येतं रे, भांडी घासायला थांबतो तो आपला.” आणि त्याचं खोटं नव्हतं. डॉटकॉम कंपन्यांच्या पडझडीत माझी नोकरी गेली, तेव्हा माझ्याबरोबर खुर्च्या लावलेल्या माणसांनीच आमचं घर सांभाळलं. माझी मुलं शाळेतून आणली, डबे पाठवले, आणि कोणी कधी बोलून दाखवलं नाही. तेव्हा मला त्या नियमाचा अभिमानच वाटला.

मग रिया आली. जन्म इथलाच, मराठी मोडकंतोडकं, स्वभाव मात्र लाघवी. लंडनच्या पार उत्तरेकडच्या एजवेअरहून ट्रेन बदलत यायची. वर्ष संपत आलं असताना तिचा कोजागिरीचा कार्यक्रम चुकला, कारण म्हाताऱ्यांच्या केअर होममधली तिची शिफ्ट बदलली. मी अविनाशशी कडाकडा भांडलो. तिला सूट दिली तर आधी बाद झालेल्यांनी काय घोडं मारलं होतं, असं तो म्हणाला, आणि तिला ‘नाही’ त्यानेच कळवलं. त्यानंतर इथे वाढलेलं एकही पोर उमेदवारीला आलं नाही. आम्ही सगळे एकमेकांना घट्ट धरून म्हातारे होत राहिलो.

दाराजवळची खुर्ची रिकामी पडली, तेव्हा अविनाशच तिथे बसायला लागला. अध्यक्ष असून मागे का बसतोस म्हणून विचारलं, तर म्हणे, “हवा लागते.” आम्ही हसलो. पुढे तो आजारी पडला. आम्ही आळीपाळीने जात होतो, पण रिया कोणी न सांगता दर आठवड्याला यायची, त्याची दाढी करून द्यायची. शेवटच्या भेटीत ती चहा आणायला गेली तेव्हा त्याने मला विचारलं, “नियम नसता तर तुम्ही सगळे आला असता का रे? आणि ही कशी आली मग...?” मी त्याची उशी सारखी केली. त्या प्रश्नाचा मला अजूनही त्रास होतो.

गेल्या रविवारी नियम ठेवायचा की काढायचा, यावर सभा झाली. मी पोचलो तेव्हा रियाने खुर्च्या लावून ठेवल्या होत्या. तुला तर आता थेटच सभासद करून घेऊ, असं आमच्यातल्या एकाने मोठ्या मनाने सांगितलं. तिने कोट चढवला. “नको काका. मला तुमच्यात यायचं होतं तेव्हा मी खूप रडले होते. आता मी फक्त अविनाशकाकासाठी आले.” आणि ती शिफ्टला निघून गेली.

सभेत अविनाशची आठवण म्हणून तरी नियम राहू द्या, असं बरेच जण म्हणत होते. मला पुढे बसवेना. मी उठलो आणि दाराजवळच्या त्या खुर्चीवर जाऊन बसलो. इतकी वर्षं झाली, माझी उमेदवारी संपल्यावर मी तिथे कधी बसलो नव्हतो. दाराच्या फटीतून गार वारा पायांवर येत होता. आणि तिथून एकाही माणसाचा चेहरा दिसत नव्हता, नुसत्या पाठी दिसत होत्या. अविनाश शेवटपर्यंत त्या पाठीच बघत बसला होता.