पडदा पूर्वेला, ऊन पश्चिमेला

आमच्या घरात एक कूलर आहे आणि तो पाहुण्यांचा आहे. बैठकीच्या खिडकीत तो बसवलेला आहे, दर वर्षी त्याच्या वाळ्याच्या ताट्या बदलल्या जातात आणि त्यातलं पाणी संपलं तर माझा नवरा हातातला चहा सोडून उठतो. पाहुणे आठवड्यातून एकदा येतात. बाकीचे सहा दिवस तो कूलर सोफ्याला गार ठेवतो. मी रोज संध्याकाळी जिथे असते ते स्वयंपाकघर घराच्या पार मागे, पश्चिमेला आहे. तिथला उकाडा कमी कसा करायचा हा प्रश्न माझ्या लग्नाला वीसेक वर्षं होऊन गेली तरी माझ्याखेरीज कुणालाही पडला नव्हता.

गावातल्या राजपुरा भागातलं आमचं घर लांबट आहे. पूर्वेला रस्ता आणि ओसरी, मग बैठक, मग दोन खोल्या आणि शेवटी स्वयंपाकघर. त्याला लागून मागचं छोटं अंगण. अंगणापलीकडे पूर्वी चिंचेचं मोठं झाड होतं. सासूबाई नव्या नवरी होत्या तेव्हाच जागेच्या मालकाने ते तोडून एक बुटकं गोदाम बांधलं, तेव्हापासून आमच्या मागच्या भिंतीला कसलाच आडोसा राहिला नाही. दुपारी दोनला ऊन त्या भिंतीवर आणि खिडकीवर येतं ते दिवस मावळेपर्यंत हलत नाही. एप्रिल-मेमध्ये चार वाजता ओट्याच्या दगडावर हात ठेवता येत नाही. पीठ भिजवायला नळ सोडावा तर पाणी चहाला चालेल इतकं गरम येतं.

बरं, त्या वेळी तिथे जायचं टाळावं म्हटलं तर तेही जमत नाही. सासरे रोज सकाळी जवळच्या फोपनार गावी आमच्या केळीच्या बागेत जातात आणि पाचला परत येतात. दिवे लागायच्या आत जेवून घ्यायचं ही या घराची जुनी रीत, आणि भाकरी तव्यावरून थेट ताटात पडली पाहिजे. म्हणजे मी सकाळची शाळा शिकवून एकला घरी यायचं, घटकाभर पाठ टेकायची, आणि साडेचारला, भिंत सगळ्यात जास्त तापलेली असताना, गॅस पेटवायचा. एकदोनदा मी भाकऱ्या दुपारीच करून ठेवल्या. बाबांनी गार भाकरी मोडून पाहिली. अर्धी भाकरी ताटात तशीच ठेवून उठले. त्यापेक्षा बोलले असते तर बरं झालं असतं.

मागच्या वर्षी वैशाखात मी पडले. भाकरी तव्यावर होती, मी ती उलटायला हात पुढे केला आणि एवढंच आठवतं. शुद्ध आली तेव्हा सासूबाई माझ्या तोंडावर पाणी मारत होत्या आणि घरभर करपल्याचा वास होता. त्यांनी माझ्या तळपायांना कांदा चोळला, पन्हं पाजलं, सगळं केलं. आणि मी जरा उठून बसल्यावर म्हणाल्या, "याच ओट्यापुढे चाळीस उन्हाळे काढले मी. मले कधी चक्कर नाही आली. तुमी आजकालच्या पोरी लई नाजूक."

डॉक्टरांनी सलाइन लावलं आणि माझ्या नवऱ्याला बजावलं, की यांना पुन्हा असं होऊ देऊ नका, समोर पेटता गॅस असतो. नवऱ्याने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी तो बाजारातून जाड निळा पडदा घेऊन आला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीला आतून लावला. त्याच्या मते विषय संपला. पडद्यामुळे खोलीत अंधार झाला, उकाडा होता तेवढाच राहिला, वर गॅसशेजारी फडफडणाऱ्या कापडाचं भय. आमची लेक कॉलेजात आहे, तिची निम्मी भाषा इथल्या बाजारासारखी हिंदी. ती म्हणाली, "पप्पा, अंदरसे पडदा लावून काय फायदा? धूप तो काचेच्या आत येऊन गेली ना!" तिने मोबाइलवर मला बाहेरून लावायचे रोलर पडदे दाखवले. वर नळीवर गुंडाळलेलं जाड जाळीदार कापड असतं. बाजूचं हँडल फिरवून ते खाली सोडायचं. दोन्ही कडांना तारा ताणलेल्या, म्हणजे वाऱ्यावर उडत नाही. ऊन भिंतीला आणि काचेला लागायच्या आधीच अडतं, आणि कापड भिंतीपासून जरा लांब असल्यामुळे मधून हवा खेळती राहते. एवढी साधी गोष्ट. मला ती ऐकूनच निम्मं बरं वाटलं.

या वर्षी उन्हाळा लागायच्या आधी मी गावातल्या एका पडदेवाल्याला गाठलं. कापड निवडलं, कॉफीच्या रंगाचं. माप घ्यायला आणि बसवायला तो कामाच्या दिवशी येणार होता, मी शाळेत, नवरा रजा घेऊन घरी. म्हणून मी नवऱ्याला तीनदा सांगितलं आणि कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवलं: मागे, स्वयंपाकघर, पश्चिमेची खिडकी. मुलांना गृहपाठसुद्धा मी इतका स्पष्ट देत नाही.

एक वाजता घरी आले तर पडदा पुढच्या ओसरीला लागलेला. पूर्वेला. झकपक, नवा, आणि त्याच्यासमोर उभं राहून माझा नवरा शेजाऱ्यांना हँडल फिरवून दाखवतोय. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

शेजारी गेल्यावर मी विचारलं, "अहो, हा इथे कसा?"

"अवं, इतकी भारी चीज मागं लावून कोण पाहीन?" तो म्हणाला. "मागं काय, गोदामातले उंदीर? समोर कशी शोभून दिसते पाह्य. पडदेवालाबी म्हणे, इथंच लावा. बाबाबी म्हणे, समोरच लाव."

मी फ्रिजवरच्या कागदाकडे बोट दाखवलं. तो म्हणाला, "मागचं पाहू ना, पुढच्या साली."

आमच्या ओसरीसमोर रस्त्यापलीकडे तिमजली घर आहे. सकाळी बराच वेळ त्याचीच सावली आमच्यावर असते. मग जेमतेम दोन तास ऊन येतं, आणि ते छपरावर चढलं की ओसरी दिवसभर मोकळी. अख्ख्या घरात ज्या एका जागेला पडद्याची गरज नव्हती, नेमका तिथे तो लागला. सासूबाई खूश. आतून रस्ता दिसतो आणि रस्त्यावरून आपण दिसत नाही, हे त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं. आलेल्या बायका तो हात लावून बघायच्या आणि मला म्हणायच्या, "हौशी आहात हो!" मी चहा करायला आत जायचे, त्याच भट्टीत.

पुढचा महिनाभर मी घरात कुणाशी धड बोलले नाही. ते कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण भाकऱ्या वेळेवर मिळत होत्या. भाकऱ्या करताना मी माठातल्या गार पाण्याचं एक पातेलं शेजारी ठेवायचे, दर दोन भाकऱ्यांनी मनगटं बुडवायचे आणि गरगरायला लागलं की गॅस बंद करून जमिनीवर बसायचे. मला खरोखर भीती वाटत होती. ती कुणाला सांगावी तर पुन्हा चाळीस उन्हाळे ऐकायला लागणार.

चैत्रातल्या एका रविवारी बाबांची मोटरसायकल बिघडली म्हणून मी त्यांना माझ्या स्कूटीवरून फोपनारला सोडायला गेले. बऱ्याच दिवसांनी बागेत पाऊल टाकलं. बाहेर रस्त्यावर झळा मारत होत्या आणि आत केळीखाली माती ओली, गार. बाबा मला हौसेने बाग दाखवत पार पश्चिमेच्या बांधापर्यंत घेऊन गेले. तिथे उंच बांबू रोवून या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवी जाळी ताणलेली होती. आमच्याकडे केळीवाले सगळेच हे करतात.

"पश्चिमेची झळ लई वाईट, पोरी," बाबा म्हणाले. "पानं फाडते, घड करपवते. इकडून आडोसा नाही केला त साऱ्या मेहनतीचं पाणी." मग जाळीच्या दोन पट्ट्या जिथे जोडल्या होत्या तिथे त्यांनी बोट फिरवलं. "हा टाका पाह्य. मांगच्या वादळात बांबू मोडला, पन शिवण नाही उसवली."

मी विचारलं, "आणि पूर्वेला का नाही लावली जाळी?"

ते हसले. मास्तरीण असून सुनेला एवढं कळत नाही म्हणून असेल. "पूर्वेले कायले? सकाळचं ऊन काय करते? आडोसा इकडूनच लागते, बाहेरून."

"मग आपल्या घरी पडदा पूर्वेला का लावला, बाबा?"

मी हे चढ्या आवाजात बोलले. सासऱ्यांशी तशी मी कधीच बोलले नव्हते. त्यांनी जाळीची एक दोरी ओढून घट्ट केली, मग ते पाइप बघायला निघून गेले. मी तिथून घरी येईपर्यंत रडत होते आणि रडण्याचाही राग येत होता.

त्याच संध्याकाळी मी पडदेवाल्याला फोन केला. तो मंगळवारी सकाळी आला. मी शाळेतून रजा घेतली होती, नवरा कचेरीत गेला होता. पडदेवाला शिडी लावून म्हणाला, "भाभीजी, सामने का पूरा लुक चला जाएगा." सासूबाई ओसरीवर येऊन उभ्या राहिल्या.

"लागलेली चीज कायले काढू राह्यली?" त्या म्हणाल्या. "लोक काय म्हनतीन? आन् भिंतीले भोकं पडतीन ते वेगळंच. एवढं काय मरू राह्यली तू?"

पडदेवाला शिडीवर मधेच थांबला आणि माझ्याकडे, मग त्यांच्याकडे बघायला लागला. बाबा त्या दिवशी बागेत उशिरा जाणार होते. खुर्चीवर बसल्या बसल्या ते त्याला म्हणाले, "काढ." तेवढंच. मग टोपी घातली आणि निघून गेले.

पडदा मागे गेला. तो ओसरीच्या मापाचा होता, त्यामुळे खिडकी झाकून भिंतीचा बराच भागही त्याखाली आला. चुकीच्या मापाने झालेलं एवढंच बरं. छज्ज्याला तो वीतभर पुढे टांगला. त्या दिवशी साडेचारला मी ओट्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवून उभी राहिले. गार झालं असं म्हणणार नाही, उन्हाळा तो उन्हाळाच. पण दगडाचा चटका नव्हता, डोळ्यांसमोरची तिरीप गेली होती आणि भाकऱ्या संपेपर्यंत मला एकदाही खाली बसावं लागलं नाही. नवऱ्याने घरी आल्यावर ओसरीच्या भिंतीतली चार भोकं मोजली. ती भोकं त्याने आठवडाभर प्रत्येक पाहुण्याला दाखवली. स्वयंपाकघरात मात्र तो डोकावला नाही.

सासूबाईंनी दोन दिवस तिकडे पाऊल टाकलं नाही. त्यांचे गुडघे गेले तसं त्यांचं ओट्यापुढे उभं राहणं कधीच सुटलं होतं, पण चार वाजता चहाला त्या आत यायच्या. तिसऱ्या दिवशी मी पहिली भाकरी तव्यावर टाकली तेव्हा त्या दारात येऊन थांबल्या. मग हळूहळू पश्चिमेच्या भिंतीपाशी गेल्या आणि तिच्यावर तळवा टेकवला. उचलला, जरा सरकवून पुन्हा टेकवला.

"हे बाहेरून लावाचं असते," त्या म्हणाल्या, "हे आमाले कोनी सांगतलं नाही."

इतके दिवस गिळलेलं सगळं माझ्या तोंडून बाहेर आलं. "सांगायला कशाला हवं, आई? शेतात आहे की वर्षानुवर्षं! पश्चिमेला, बाहेरून. केळीसाठी सगळ्यांना कळत होतं. आपल्यासाठीच कुणाला कळलं नाही."

आता त्या चाळीस उन्हाळे काढणार म्हणून मी तयार होते. त्या भिंतीकडेच बघत होत्या.

"ते जाळी मीच शिवली, पोरी," त्या म्हणाल्या. "आधी गोणपाट होतं, मंग जाळी आली. दर साली फागुनात सुतळी घेऊन बसू. येथीच, मांगच्या अंगनात. दुपारूनच त टाइम भेटे मले."

मी चिमटा हातात धरून उभी राहिले. बाबांनी मला टाका दाखवला होता, तो कुणाचा ते सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. याच अंगणात, याच उन्हात बसून या बाईने केळीला सावली शिवली होती आणि मग उठून आत येऊन या ओट्यापुढे उभी राहिली होती. आणि मी वर्षभर तिच्यावर चिडून होते.

तव्यावरची भाकरी करपायला लागली. त्यांनी मला कोपराने बाजूला केलं.

"सरक. पाहू दे मले, असं गारव्यात कसं वाटते ते."

मी सरकले. त्यांनी गोळा घेतला, पीठ पसरलं, थापायला लागल्या. हाताला सवय राहिली नव्हती, पण भाकरी गोल झाली. ती त्यांनी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं आणि सवयीने पदराने कपाळ पुसलं. मग पदराकडे पाहिलं. तो कोरडा होता.